लॉगबुकवर सह्या करवून घेणाऱ्या अध्यक्ष महोदयांस

अध्यक्ष महोदय,

तुमच्या नर्सिंग कॉलेजातून पास होऊन आमच्याकडे रुजू झालेल्या एका मुलीचं लॉगबुक परवा मी चाळलं. कॅथेटर घालणं, राईल्स ट्यूब टाकणं, सक्शन, जखमेचं ड्रेसिंग, प्रसूतीच्या वेळची मदत, नुकत्याच जन्मलेल्या बाळाची पहिली काळजी. प्रत्येक रकान्यात तारीख आहे, पेशंटचा नोंदणी क्रमांक आहे आणि शेवटी तुमच्या मॅडमची सही आहे. एकही रकाना रिकामा नाही. मी तिला विचारलं, यातलं स्वतःच्या हातानं काय काय केलंस? ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, "सिस्टर, बीपी घेतलंय. आणि बेड मेकिंग."

चार वर्षांत बीपी आणि बेड मेकिंग. फी मात्र तुम्ही चारही वर्षांची पूर्ण घेतलीत.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोठ्या रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. माझं नाव खाली लिहीत नाही, कारण त्यावरून ती मुलगी ओळखली जाईल आणि तिच्या मागच्या बॅचच्या मुलींचे इंटर्नल मार्क अजून तुमच्या मुठीत आहेत. तुमचंही नाव लिहीत नाही. तुमच्यासारखे एकटे तुम्हीच असता तर नक्की लिहिलं असतं.

नियम तुम्हाला पाठ असणार. तपासणीची फाईल तुमच्याच कार्यालयात तयार होते. तरीही एकदा मोठ्यानं वाचून दाखवते. बी.एस्सी. नर्सिंगचं नवं कॉलेज काढायचं तर संस्थेचं स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय हवं. त्यातल्या निदान 75 टक्के खाटांवर पेशंट हवेत. एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट हवेत. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका हवी. भारतीय परिचर्या परिषदेनं 2021 साली नवा अभ्यासक्रम राजपत्रात छापला, त्यात एका क्लिनिकल क्रेडिटसाठी वॉर्डातले 80 तास धरले आहेत. शेवटच्या सत्रात तर 22 आठवडे, आठवड्याला 48 तास, म्हणजे 1,056 तास मुलीनं पेशंटजवळ घालवायचे आहेत. थिअरीला 80 टक्के हजेरी चालते. क्लिनिकलला शंभर टक्के लागते, त्याशिवाय पदवी मिळत नाही.

हा शंभर टक्क्यांचा नियम ज्यांनी केला त्यांच्या मनात पेशंट होता. मुलगी एक दिवस जरी चुकली तर तेवढं शिकणं कमी पडेल आणि त्याची किंमत पुढे कुणीतरी खाटेवर पडून मोजेल, हे त्यांना कळत होतं. तुम्ही त्या नियमाचा चाबूक केलात. तापानं फणफणलेली मुलगीसुद्धा तुमच्या बसमध्ये बसली पाहिजे, नाही बसली तर दंड आणि वर सुट्टीत भरपाईची ड्यूटी. ती बस कुठे जाते आणि तिथे गेल्यावर मुलीला काय मिळतं, हे मात्र तुम्ही कधी मोजलं नाहीत.

ती बस चाकणच्या पुढे, हायवेपासून आत, वीस खाटांच्या एका दवाखान्यात जाते. मुलींनी मला सांगितलं, तिथे सकाळी पाच-सहा पेशंट असतात, त्यातले दोघं दुपारी घरी जातात. एका पेशंटभोवती सात-आठ एप्रन उभे. त्या बिचाऱ्या माणसाचा बीपी सकाळपासून इतक्या वेळा घेतलेला असतो की तो दंड पुढे करायलाही तयार नसतो. उरलेल्या मुली जिन्यात बसून ड्रग बुक उतरवतात. काहींना ओपीडीच्या दाराशी नंबर पुकारायला उभं करतात, काहींना खालच्या मेडिकलमधून औषधं आणायला पिटाळतात. संस्थेचा कार्यक्रम असला की पोस्टिंग रद्द होते आणि त्याच मुली रांगोळी काढून पाहुण्यांना ओवाळायला उभ्या राहतात. त्या दिवसाचीही क्लिनिकलची हजेरी लागते. महोदय, ओवाळण्याचे ते तास तुम्ही नेमक्या कुठल्या क्रेडिटमध्ये बसवता?

रात्रपाळीत याच्या बरोबर उलट होतं. दवाखान्याची पगारी सिस्टर दहाला निघून जाते आणि दुसऱ्या वर्षाची मुलगी मजल्यावर एकटी उरते. दिवसा हात लावू द्यायचा नाही आणि रात्री सगळा मजला तिच्या अंगावर टाकायचा. दिवसाच्या मुली फी भरतात, रात्रीच्या मुली फी भरून तुमच्या ओळखीच्या डॉक्टरची पगारी माणसं वाचवतात. सिझेरियन झालेल्या बाईचं पॅड भिजतंय, नेहमीपेक्षा जास्त भिजतंय का, कुणाला उठवायचं, हे ठरवायला त्या मजल्यावर एकोणीस वर्षांची घाबरलेली पोर असते. तिला हे कुणी शिकवलेलं नसतं. उद्या काही झालं तर कागदावर नाव तिचं येईल, आणि तुम्ही म्हणाल की विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा.

तपासणीच्या दिवसाबद्दलही मी ऐकलं. वसतिगृहातल्या मुलींनाच गाऊन घालून खाटांवर झोपवलं होतं. एकीच्या हाताला सलाईनची नळी चिकटपट्टीनं चिकटवली होती. ती मला हे सांगताना रडली. नर्स व्हायचं म्हणून बापानं गावाकडची जमीन गहाण टाकून तिला इथे पाठवलं आणि तिचा पहिला धडा खोटा पेशंट होण्याचा होता.

असं सगळीकडे चालतं, असं तुम्ही म्हणाल. सगळीकडे चालतं तेव्हा काय होतं हे मध्य प्रदेशात दिसलं. तिथल्या उच्च न्यायालयाच्या आदेशानं सीबीआयनं 308 नर्सिंग कॉलेजं तपासली. 2024च्या सुरुवातीला जो अहवाल आला त्यात 169 कॉलेजं योग्य, 74 त्रुटी असलेली आणि 65 अपात्र ठरली. पुढे मे महिन्यात तपास करणारे सीबीआयचेच अधिकारी लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले आणि योग्य ठरवलेली कॉलेजंही पुन्हा तपासायची वेळ आली. या सगळ्यात तिथल्या मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. संस्थाचालकांचं जे व्हायचं ते कोर्टात होईल. मुलींची वर्षं त्यांना कोण परत देणार?

आता सगळ्यात संताप आणणारी गोष्ट सांगते. शिकायला पेशंट मिळत नाहीत असं देशातल्या एखाद्या आडवळणी गावात कुणी म्हटलं तर मी समजू शकते. तुम्ही हे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात बसून म्हणता. पेनिसिलिन बनवणारा देशातला पहिला सरकारी कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, 1954 साली याच पिंपरीत उभा राहिला. 2011च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या 17 लाखांच्या वर होती आणि तेव्हापासून मोशी, चिखली, वाकड, ताथवडे कसे फुगले ते तुम्ही तुमच्या गाडीतून रोज बघता. संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय 750 खाटांचं आहे. भोसरीला, थेरगावला, आकुर्डीला महापालिकेची रुग्णालयं आहेत. मोहननगरला कामगार विमा रुग्णालय आहे. औंधला जिल्हा रुग्णालय आहे. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे.

आणि पेशंट कसले येतात! प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेला विशीतला कंत्राटी कामगार येतो. त्याच्या जखमेइतकंच त्याच्या मनाकडे बघावं लागतं, कारण तो पट्टीकडे न बघता एकच विचारत असतो, सिस्टर, आता कंपनी ठेवेल का? पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रकखाली आलेला दुचाकीवाला येतो. पाच किलोमीटर चालत कामावर जाणारी, सातवा महिना लागला तरी एकदाही तपासणी न झालेली बिहारची किंवा मराठवाड्याची बाई येते, तिचं हिमोग्लोबिन बघून पोटात गोळा येतो. 8 डिसेंबर 2023ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. त्याच दिवशी सहा जण गेले, बहुतेक बायकाच, आणि पुढच्या दिवसांत हा आकडा वाढत गेला. भाजलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, त्याच्या लघवीचं माप दर तासाला का बघायचं, ड्रेसिंगच्या आधी वेदनाशामक किती वेळ अगोदर द्यायचं, हे पुस्तकात चार ओळींत असतं. खाटेजवळ ते शिकायला आठवडे लागतात. तुमच्या मुली त्या काळात कुठे होत्या? जिन्यात बसून ड्रग बुक उतरवत होत्या.

न शिकवलेल्या मुलीच्या हातून काय निसटतं ते तुम्हाला एका रात्रीवरून सांगते. 2025च्या जानेवारीत पुण्यात आणि आपल्याकडे गिया-बारे सिंड्रोमचे पेशंट एकामागून एक येऊ लागले. या आजारात पायापासून अशक्तपणा वर चढत जातो आणि छातीच्या स्नायूंपर्यंत पोचला की श्वास थकतो. अशाच एका पेशंटजवळ मी एका नव्या मुलीला बसवलं होतं, लॉगबुक पूर्ण भरलेल्या. तिनं चार्टवर लिहिलं, सॅच्युरेशन 98, पेशंट शांत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. राउंडला मी त्या माणसाला म्हटलं, भाऊ, एक दीर्घ श्वास घ्या आणि त्याच श्वासात एक-दोन-तीन मोजत जा. संध्याकाळी तो बावीसपर्यंत गेला होता. त्या वेळी अकरालाच थांबला. आवाज बारीक झाला होता, लाळ ओठाच्या कोपऱ्यात साठत होती, मानेखालची उशी सरकली होती आणि ती नीट करायला त्याला मान उचलता येत नव्हती. या आजारात मशीनवरचा आकडा सगळ्यात शेवटी खाली येतो. तोपर्यंत थांबलं तर श्वासाची नळी घाईगर्दीत घालावी लागते. डॉक्टरांना लगेच बोलावलं आणि त्याला वेळेत आयसीयूत हलवलं.

ती मुलगी आळशी नव्हती. रात्रभर एकदाही जागची हलली नव्हती. तिला आकडा बघायला सांगितलं होतं, माणूस बघायला कुणी शिकवलंच नव्हतं. हे शिकवायला काही महागडं यंत्र लागत नाही. अनुभवी सिस्टरच्या शेजारी उभं राहून शंभर माणसांचे श्वास मोजावे लागतात, पूर्ण मिनिटभर, घड्याळाच्या काट्याकडे बघत. त्या शंभरांतली दोन-तीन माणसं तिच्या डोळ्यांदेखत बिघडतात, आणि बिघडण्याच्या आधीचा चेहरा कसा असतो ते तिच्या डोळ्यांत कायमचं बसतं. तुम्ही मुलींची ती शंभर माणसं हिरावून घेतलीत आणि बदल्यात त्यांच्या हातात सह्यांची वही दिलीत.

तुमची उत्तरं मला माहीत आहेत. मोठी रुग्णालयं परवानगी देत नाहीत, म्हणता. देतात. त्यासाठी दर विद्यार्थिनीमागे प्रशिक्षण शुल्क भरावं लागतं, बसचं डिझेल जाळावं लागतं आणि सोबत पगारी शिक्षिका पाठवावी लागते. या तिन्ही ठिकाणी तुमचा हात आखडतो. मोठ्या रुग्णालयात गर्दी असते, हे खरं आहे. सकाळच्या पाळीत चार-चार कॉलेजांच्या मुली एकाच वॉर्डात येतात, कुणाला धड काही मिळत नाही. आमच्यातल्या काही सिस्टरही विद्यार्थिनी दिसली की तिला सॅम्पल देऊन लॅबकडे पिटाळतात, तेही मला मान्य नाही. खासगी मोठ्या रुग्णालयांत पैसे भरणारा पेशंट विद्यार्थिनीला हात लावू देत नाही, मग तिनं नुसतं बघत राहायचं. पण दुपारी दोननंतर आणि रविवारी हेच वॉर्ड विद्यार्थिनींवाचून मोकळे असतात. संध्याकाळच्या पाळीत पाच मुली आणि एक जाणती शिक्षिका पाठवली तर एका आठवड्यात त्या जे शिकतील ते तुमच्या दवाखान्यात वर्षभरात शिकणार नाहीत. तुमची बस चारला सुटते, म्हणून संध्याकाळची पाळी नाही. अभ्यासक्रम बसच्या वेळापत्रकावर चालवायचा का?

दुसरं उत्तर असं की आजच्या मुलीच शिकत नाहीत, मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. या वाक्याचा मला फार राग येतो. मी त्या मुली बघितल्या आहेत. बीड, परभणी, लातूर, बुलढाण्याहून आलेल्या, नाहीतर इथल्याच निगडी-भोसरीच्या, ज्यांचा बाप कंपनीत कंत्राटावर आहे आणि आई दोन घरची धुणीभांडी करते. तुम्ही त्यांना रिकामा दवाखाना दिलात, तर त्यातल्या एकीनं काय केलं ते ऐका. तिथे जो एक म्हातारा मधुमेही पेशंट होता त्याला तिनं आपला मानलं. त्याच्या सगळ्या गोळ्या कशासाठी आहेत ते शोधलं, जुने केसपेपर वाचले, रोज त्याच्या दोन्ही पायांचे तळवे उजेडात तपासले, आणि अंगठ्याच्या खाचेतली काळी पडत चाललेली जखम तिलाच पहिल्यांदा दिसली. दुसरी एक मुलगी तिथल्या वयस्क मावशींच्या मागे फिरली आणि जड माणसाला स्वतःची कंबर न मोडता कसं उचलायचं, चादर न ओढता कसं सरकवायचं ते तिनं शिकून घेतलं. काही जणी रात्री वसतिगृहात एकमेकींचे श्वास मोजतात, एकमेकींच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात, एकमेकींना पेशंट करून हँडओव्हर द्यायचा सराव करतात. पास झाल्यावर कितीतरी जणी जास्त पगाराची छोट्या नर्सिंग होमची नोकरी सोडून कमी पगारावर मोठ्या वॉर्डात येतात, कारण आपल्याला काय येत नाही ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. मला येऊन सांगतात, सिस्टर, कुणाला कॅथेटर घालायचं असेल तर मला हाक मारा, माझी ड्यूटी संपली असली तरी थांबते.

त्या मुलींना मी एक गोष्ट आवर्जून सांगते, ती तुम्हालाही कळू दे. कॉलेजच्या लॉगबुकशिवाय स्वतःची वेगळी वही ठेवा. तिच्यात तीन रकाने आखा: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. खोटं एक अक्षर लिहू नका. नोकरीला जाल तिथे पहिल्याच दिवशी ती वही इन्चार्जसमोर ठेवा आणि म्हणा, मला एवढंच येतं, बाकीचं शिकवा. मी पंचवीसेक नवख्या मुलींना हाताखाली तयार केलं आहे. जी असं म्हणते तिच्याबद्दल मला रात्री घरी गेल्यावर काळजी वाटत नाही. जी भरलेल्या लॉगबुकच्या भीतीनं गप्प राहते आणि येत नसताना मान डोलावते तिची वाटते. ती भीती तुम्ही घातली आहे. पदवीवर शंका येईल म्हणून ती बोलत नाही.

पुण्यात 1909 साली सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानड्यांनी विधवा आणि सोडलेल्या बायकांना परिचर्येचं शिक्षण घ्यायला ससूनमध्ये पाठवलं. बाईनं परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, या कल्पनेनंच तेव्हा घरंच्या घरं खवळत होती. तरीही त्यांनी बायकांना खऱ्या वॉर्डात, खऱ्या पेशंटजवळ उभं केलं, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीनं ही विद्या येत नाही. त्यांच्या विरोधात सगळा समाज होता. तुमच्या विरोधात कोण आहे? समाज नर्सची वाट बघतोय. 2021च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं परीक्षेची वाट बघत असलेल्या शेवटच्या वर्षाच्या जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलींनाही कोविडच्या ड्यूटीवर घ्यायची मुभा दिली. त्या वेळी नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियममध्ये जंबो रुग्णालय उभं होतं. ऑक्सिजनवरच्या माणसांच्या रांगेत ज्या पोरींना उभं केलं जाणार होतं, त्यांना तोवर काय शिकवलं होतं, याचा हिशेब तेव्हा कुणी मागितला नाही. मी आज मागतेय.

1947चा परिचर्या परिषदेचा कायदा बाजूला करून 2023 साली संसदेनं राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आहे. कॉलेजं तपासून त्यांना दर्जा देण्याची तरतूद त्यात आहे. तपासणीला येणाऱ्यांना माझी विनंती राहील की खाटा मोजू नका. तिसऱ्या वर्षाच्या कुठल्याही पाच मुलींना बाजूला घ्या, अध्यक्ष आणि प्राचार्यांना खोलीबाहेर बसवा, आणि एकेकीला एका पेशंटजवळ नेऊन विचारा, याच्याकडे बघून तुला काय दिसतं?

तुमच्याकडून मला माफी नको. पुढच्या महिन्यापासून तीन गोष्टी करा. न केलेल्या प्रोसिजरवर सही करायला शिक्षिकांना भाग पाडणं थांबवा. त्यांच्यातल्या दोघी माझ्याकडे येऊन रडून गेल्या आहेत, त्यांनाही ही सही जड जाते. रात्रपाळीत विद्यार्थिनीला एकटं ठेवणाऱ्या दवाखान्याशी असलेला करार मोडा. आणि महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात शुल्क भरून संध्याकाळच्या पाळीची परवानगी मागा. अर्ज साध्या कागदावर चालतो. आमच्या प्रसूती विभागात दुपारी दोन ते रात्री नऊ या वेळात सध्या एकही कॉलेज येत नाही. एका वेळी सहा मुली पाठवा, सोबत स्वतः प्रसूती केलेली शिक्षिका पाठवा. मुलींना वहीत तीन रकाने आखून आणायला सांगा. तिसरा रकाना कोरा असला तरी चालेल, तो आम्ही इथे भरून देऊ.

आपली,
एक इन्चार्ज सिस्टर,
पिंपरी